ताईच्या लग्नाचे पापड

हे प्रकरण मी बरीच वर्षं टाळलं. मुलीच्या आग्रहामुळे आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा सुरतेतल्या लिंबायतच्या खोलीबद्दल लिहिलं, आप्पांच्या रंगलेल्या नखांबद्दल लिहिलं, कॉलेजबद्दल लिहिलं. ताईच्या लग्नापाशी आलो की मात्र एका ओळीत लग्न उरकायचं आणि पुढे जायचं. मुलीने एकदा कागद वाचता वाचता विचारलंच, "बाबा, आत्याचं लग्न एवढ्या घाईत का उरकलंत?" मी म्हणालो, आठवत नाही. खरं तर मला सगळं आठवतं. त्या दिवशी ओट्यावर कोण कुठे बसलं होतं तेही आठवतं. ज्यांना हे कळून राग आला असता अशी माणसं आता राहिली नाहीत, आणि जिला हे सांगायला हवं होतं तीही राहिली नाही. म्हणजे आता मला भीती कोणाचीच नाही, तरी हात जड होतो आहे.

आम्ही खानदेशातून सुरतेला आलो तेव्हा मी पाटी-पेन्सिलीच्या वयाचा होतो. आप्पा एका डाईंगमध्ये कापड रंगवायच्या कामाला होते. आमच्या खोल्यांची एक लांब ओळ होती आणि ओळीच्या मागे लूमच्या शेड. लूमचा आवाज चोवीस तास चालायचा. त्या आवाजातच आम्ही झोपायचो, आणि वीज जाऊन तो थांबला की दचकून जागे व्हायचो. समोरच्या गटारीला रोज नवा रंग असायचा. कधी गुलाबी, कधी मोरपंखी. आप्पा घरी आले की त्यांच्या हातांकडे बघून आम्ही ओळखायचो की आज कोणता रंग चालला होता. घरात अहिराणी, ओळीत मराठी, दुकानात गुजराती आणि लूमवाल्या भय्यांशी हिंदी, असं सगळं आमच्या जिभेवर एकाच वेळी असायचं. माय संध्याकाळी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापायची. तव्यावरची भाकरी, पाट्यावर रगडलेला मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. आज माझ्या घरात गॅसच्या दोन शेगड्या आहेत, सून हौसेने कळण्याचं पीठ गावाहून मागवते, भाकरीही चांगली होते. पण मागे लूम वाजत नाही, आणि मला ती भाकरी अर्धीच लागते.

ओळीच्या टोकाच्या खोलीत वत्सलामावशी राहायची. ती भुसावळकडची. तिचे यजमान रेल्वेत होते, आणि त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. ओळीतल्या बायका तिच्याशी बोलायच्या, नळावर तिच्याबरोबर हसायच्या, तिच्या पोरांना उचलून घ्यायच्या. पण तिच्या हातचं पाणी प्यायची वेळ आली की कोणाला तहान नसायची. हे कोणी बोलून दाखवत नसे. मला ते कळायला बरीच वर्षं लागली, कारण मी तिच्याकडे लहानपणापासून जेवत आलो होतो. ती सुकटीची चटणी अशी करायची की वास चार खोल्या ओलांडून यायचा. मी गेलो की मावशी विचारायची, "घरी सांगून आलास का?" मी हो म्हणायचो. मायला माहीत असायचं आणि ती काही म्हणायची नाही. इंदूकाकी, म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतली, ती मात्र मायला ऐकवायची, "तुमचा पोरगा बाटला की हो." माय म्हणायची, "बाटू दे. पोट भरस ना त्यानं?"

मावशी घरी बसून कांड्या भरायची. लूमच्या धोट्यात बसते ती सुताची लाकडी कांडी. शेडवाला सूत तोलून द्यायचा आणि भरलेल्या कांड्या तोलून घ्यायचा. त्या पोहोचवायचं काम सुट्टीत माझ्याकडे असायचं. शेडमध्ये कांड्या कोणी मोजत नसे. टोपली काट्यावर ठेवायची, लाकडाचं वजन वजा करायचं, उरलं ते सूत.

मी मराठी शाळेतून अकरावी झालो आणि सायन्सला गेलो. ओळीतला कॉलेजात जाणारा मी पहिलाच. तिथे शिकवणं गुजराती आणि इंग्रजीची खिचडी. आपण ज्याला रेणू म्हणतो त्याला गुजरातीत अणु म्हणतात, एवढ्यावरूनच माझे सुरुवातीचे दिवस रडकुंडीला येण्यात गेले. रसायनाचे सर उंच, सावकाश बोलणारे. ते फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, "वजनने अणुभार वडे भागो, एटले मोल मळे." वजनाला रेणुभाराने भागा, मोल मिळतील. हे एक वाक्य मला असं लागलं की बाकीचं न कळलेलं सगळं मी माफ केलं. डोळ्यांना न दिसणारे कण, त्यांची मोजणी करता येत नाही, पण तोलून त्यांची संख्या कळते. मी घरी येऊन हे सगळ्यांना सांगत सुटलो. आप्पा ऐकता ऐकता झोपले. माय म्हणाली, "माले त्यातलं काय समजस?" ताई लग्नाच्या साड्यांत होती. ऐकलं ते वत्सलामावशीने. तिचं चाक चालू होतं, सूत कांडीवर चढत होतं, आणि मी उंबऱ्यात बसून तिला सांगत होतो की मावशी, तुझ्या कांड्यांसारखंच आहे हे, एकीचं वजन ठाऊक असलं की टोपलीत किती आहेत ते न मोजता कळतं.

"आणि ते एकीचं वजन कोणी काढलं?" तिने विचारलं.

"शास्त्रज्ञांनी. पुस्तकात मागे यादी आहे."

"मग बरंय. पुस्तकात आहे म्हणजे चुकायचं काम नाही." आणि मग यजमानांना हाक मारून म्हणाली, "ऐकलं का, हा पोरगा न दिसणाऱ्या गोष्टी मोजतो. आपल्याला दिसतात त्यासुद्धा मोजता येत नाहीत." ते आतून हसले. मी त्या दिवशी छाती काढून घरी गेलो. आता विचार करतो तेव्हा वाटतं, पुढे आयुष्यभर वर्गात शिकवलं, पण त्या उंबऱ्यात बसून शिकवताना जसं वाटलं तसं पुन्हा वाटलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि ताईच्या लग्नाचे पापड करायचं ठरलं. आमच्याकडे लग्नाचे पापड एकट्या घराचे नसतात. ओळीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात, हळदकुंकू होतं, पहिल्या पापडाला गाणं म्हणतात. वत्सलामावशी दर वेळी यायची, पण तिच्याकडे खाटा मांडणं, त्यावर जुनी लुगडी अंथरणं, कावळे हाकणं अशी कामं यायची. पिठाला ती हात लावत नसे आणि तिला कोणी लाव म्हणत नसे. त्या वर्षी मायने सगळ्या बायका बसल्यावर उडदाच्या पिठाची परात उचलली आणि मावशीपुढे ठेवली. म्हणाली, "वत्सला, औंदा पीठ तू मळ. तुना हातमा जोर शे." इंदूकाकीने लाटणं उगाच पदराला पुसलं. मावशीने मायकडे पाहिलं, मग हात कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले आणि परातीशी बसली. माय बोलून दाखवणाऱ्यांतली नव्हती. तिला जे म्हणायचं होतं ते तिने परात सरकवून म्हटलं होतं.

अडलं ते खारापाशी. पापडखार दर वर्षी मामा गावच्या बाजारातून आणायचा. काचेसारखे खडे, बरणीत ठेवले की महिन्याभरात वरून पांढरी भुकटी धरणारे. त्या वर्षी मामा खार विसरून नुसते उडीद घेऊन आला. आप्पांनी डाईंगमधून कोरड्या सोड्याची पुडी आणली. पांढरी शुभ्र पूड, पिठासारखी.

"खडा येगळा, पूड येगळी," माय म्हणाली. "कितली टाकानी?"

मी आत पुस्तक वाचत होतो. बाहेर आलो आणि म्हणालो, "वेगळी कशाला? दोन्ही सोडाच. सोडियम कार्बोनेट."

"तुला काय कळतं रे पापडातलं," इंदूकाकी म्हणाली. "कॉलेजात पापड लाटता का?"

बायका हसल्या. तेव्हा मावशी म्हणाली, "का नाही कळणार? खार म्हणजे त्याचाच विषय आहे. विचारा की त्याला. पोरगं शिकतंय कशासाठी?"

मग मी खडू घेतला आणि ओट्याच्या फरशीवर हिशोब मांडला. मायच्या नेहमीच्या अंदाजाने खडे किती वजनाचे लागले असते ते विचारून घेतलं. सोड्याचा रेणुभार एकशे सहा. त्या वजनाला एकशे सहाने भागलं, मोल काढले. आता तेवढेच मोल पुडीतून हवेत, म्हणून त्याला एकशे सहाने गुणलं. जे वजन होतं तेच परत आलं. भागायचं आणि त्याच आकड्याने गुणायचं, यात हसण्यासारखं काही आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही. बायका फरशीवरचे आकडे बघत होत्या. मी म्हणालो, "जेवढा खडा, तेवढीच पूड. बरोबर तेवढीच." मावशीने काट्यात पूड तोलली, मला दाखवली, मी मान हलवली, आणि तिने ती पाण्यात उकळायला टाकली.

पुढचे काही तास मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. मावशी गुडघे टेकून पीठ मळते आहे, मग तेलाचा हात लावून पाट्यावर मुसळाने कुटते आहे, घाम नाकावरून ओघळतो तो दंडाने पुसते आहे. ताई दोऱ्याने लाट्या कापते आहे. मागे लूम, पुढे लाटण्यांचा आवाज, आणि मधून कोणीतरी ताईला नवऱ्यावरून चिडवतंय. इंदूकाकीसुद्धा थोड्या वेळाने मावशीने दिलेला गोळा घेऊन लाटायला लागली. पीठ जरा पिवळट दिसलं, तेव्हा कोणी म्हणालं, उडीद नवा आहे. पोरांनी कच्च्या लाट्या तेलात बुडवून तोंडात टाकल्या आणि जीभ चावते म्हणून थुंकल्या, तेव्हा कोणी म्हणालं, मिरी जास्त झाली असेल. कामाला लय आली होती, ती मोडावी असं कोणालाच वाटत नव्हतं. खाटांवर पापड वाळत पडले आणि मावशी त्यांच्यापाशी स्टुलावर बसली, काठी मांडीवर घेऊन. मी तिच्याजवळ गेलो तर म्हणाली, "तुझ्या लग्नालाही मीच मळणार बरं का."

दिवे लागायच्या आधी इंदूकाकीने पहिला वाळलेला पापड निखाऱ्यावर धरला. तो फुलला नाही. विटकरीसारखा लाल झाला. मायने तुकडा तोंडात घातला आणि पदरात थुंकला. साबण खाल्ल्यासारखी कडू चव. दुसरा भाजला, तोही तसाच. ताईने डोळ्यांना पदर लावला. लग्नाचे पापड बिघडणं आमच्यात चांगलं मानत नाहीत.

"आता कळलं ना," इंदूकाकी कोणाकडेही न बघता म्हणाली. "हात हातच असतो."

माय म्हणाली, "हाताचं काय त्यात? खार जास्त पडी गया." आणि ती माझ्याकडे वळली. "बोल ना रे, कितला सांगेल व्हता तू?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. खडूचे आकडे फरशीवर होते, पण पोरांच्या पायांनी पुसटले होते. मला आपला हिशोब कुठे चुकला ते खरोखर कळत नव्हतं. एवढं मात्र कळत होतं की मावशीने मी सांगितलं त्याच्या तसूभरही इकडे तिकडे केलं नव्हतं. ओळीतला कॉलेजात जाणारा पहिला मुलगा मी. मी म्हणालो, "मी एवढा नव्हता सांगितला."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला नंतर सोसवेना. ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखी बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. काट्यावर नजर राहिली नाही माझी." तिने आपलं लाटणं उचललं, खाटांवरची लुगडी गोळा करायला मदत केली आणि घरी गेली. पापड म्हशींच्या गोठ्यात टाकले, म्हशींनीही तोंड लावलं नाही.

दुसरे पापड मामीकडून गावाहून आले. लग्नाला मावशी आली, ताईला भांडं दिलं, मांडवाच्या कडेला बसली. मायने जेवायला बसवलं, स्वतः वाढलं. पण पुढच्या वर्षी पापडांना मायने परात कोणापुढेच सरकवली नाही, स्वतःच मळलं. एकदा धीर करून जे केलं ते असं अंगावर आलं की तिने पुन्हा तो विषय काढला नाही. मी मायचंही तेवढंच देणं लागतो. मावशी पापडांना येईनाशी झाली. बोलावलं तर म्हणायची, कांड्या द्यायच्या आहेत.

हिशोब कुठे चुकला ते मला लग्नानंतर थोड्याच दिवसांनी प्रयोगशाळेत कळलं. सरांनी सोड्याचा एक काचेसारखा खडा परीक्षानळीत टाकला आणि ज्योतीवर धरला. नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले. कोरड्या खड्यातून पाणी. खाली उरली ती पांढरी पूड, आप्पांनी आणली होती तशीच. सर म्हणाले, खड्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दहा रेणू बांधलेले असतात, म्हणून त्याचा भार एकशे सहा धरायचा नाही, दोनशे शहाऐंशी धरायचा. मी वहीच्या कडेला पुन्हा हिशोब केला. खड्याच्या वजनाला दोनशे शहाऐंशीने भागलं, मग एकशे सहाने गुणलं. पूड एक तृतीयांशाहून थोडीच जास्त लागत होती. आम्ही जवळजवळ तिप्पट खार घातला होता. मी लहानपणापासून शेडमध्ये कांड्यांचं लाकूड वजा होताना पाहिलं होतं, आणि खड्यातलं पाणी मात्र मी सोडा म्हणून तोललं होतं.

त्या संध्याकाळी मी मावशीच्या दारात गेलो. चाक चालू होतं. तिने विचारलं, "परीक्षा कधी आहे रे?" मी सांगितलं. "नीट अभ्यास कर," ती म्हणाली. मी तसाच परत आलो.

पुढे मी रसायनाचा शिक्षक झालो. मोलचा धडा दर वर्षी यायचा. मुलांना मी गणित सुरू करायच्या आधी विचारायचो, सूत्रात शेवटी टिंब आणि पाणी आहे का बघितलंत? इतक्यांदा विचारायचो की मुलं माझी नक्कल करायची. निरोपाच्या समारंभात एका विद्यार्थ्याने ती नक्कल करून दाखवली, सगळे हसले, मीही हसलो. या सगळ्या वर्षांत मी स्वतःला एकच गोष्ट सांगून झोपत होतो. मावशीला माहीत आहे. तिला त्याच क्षणी कळलं होतं की मी खोटं बोलतो आहे, आणि पोराची लाज राखायला तिने ते स्वतःवर घेतलं. म्हणजे तिने मला माफ केलेलंच आहे. आता नुसतं जाऊन बोलायचं बाकी आहे, ते कधीही करता येईल.

तोवर मावशीचं घर सुरतेबाहेर कडोदऱ्याला गेलं होतं, मुलाला तिकडे लूमवर काम मिळालं म्हणून. माय गेली, त्या वर्षी मी तिला भेटायला गेलो. मावशी फार वाकली होती. मला ओळखून तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, शेजारणीला बोलावून सांगितलं, "हा आमच्या ओळीतला मास्तर. लहानपणी माझ्याकडे जेवायचा." मायबद्दल बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "तुझ्या आईने सगळ्यांसमोर माझ्यापुढे परात ठेवली होती. तेवढं कोणी करत नाही."

मी म्हणालो, "मावशी, त्या पापडांचं मला तुला सांगायचं होतं."

"नको काढूस रे ते," ती म्हणाली. "तुझ्या आईला माझ्यापायी खाली बघावं लागलं. तू नीट सांगितलं होतंस, मलाच ऐकू आलं नाही. तेव्हापासून मी पापडाचं पीठ मळलंच नाही कधी. पोरीच्या लग्नालाही नाही. म्हटलं, आपल्या हाताचा भरवसा नाही. सुना मळतात, मी बघते."

तिला माहीत नव्हतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. शिकलेलं पोरगं म्हणतंय म्हणजे आपणच चुकलो, असं तिने खरंच मानलं होतं आणि त्या मानण्यावर आपल्या लेकीच्या लग्नातून हात काढून घेतला होता. मी कल्पनेत ज्या माफीवर इतकी वर्षं जगलो ती तिने कधी दिलीच नव्हती, कारण माफ करण्यासारखं काही आहे हे तिच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. आता सांगायचं म्हणजे तिची ती सगळी वर्षं तिच्यापुढे ठेवायची आणि म्हणायचं की ही फुकट गेली. सुनेने चहा आणला. मी चहा प्यायलो, चांगला झालाय म्हणालो. निघताना मावशी दारापर्यंत आली आणि म्हणाली, "येत जा रे." मी हो म्हणालो आणि गेलो नाही. काही वर्षांनी तिच्या मुलाचा निरोप आला, तेव्हा कडोदऱ्याला गेलो ते खांदा द्यायला.

माय गेली त्या वर्षी मावशीला भेटायला जाताना बसमध्ये जे ओठांवर घेऊन बसलो होतो ते एकच वाक्य होतं, आणि ते असं: वत्सलामावशी, मी सांगितला होता तेवढाच खार तू घातला होतास, चूक माझी होती, तुझ्या हाताची नव्हती, मला माफ कर.